दोन पाकिटे आणि एक कळ

दवाखान्याचे दार ढकलून पेशंट आत येतो. लंगडत येतो, खुर्चीच्या एका कडेवर भार टाकून तिरका बसतो आणि बोलायला लागण्याआधी टेबलावर एक भलेमोठे पाकीट ठेवतो. आत एमआरआयच्या काळ्या फिल्म आणि टाइप केलेला रिपोर्ट. मग सांगतो, ''डॉक्टर, मणक्यात गॅप आहे. शीर दबलीय.'' काय होते, कुठे होते, कधी वाढते, यातले अवाक्षर नाही. निदान तयार करूनच तो आलेला असतो. मी फक्त गोळी लिहून द्यायची, नाहीतर सर्जनच्या नावाने चिठ्ठी.

कराडमध्ये मी १९८६ साली दवाखाना थाटला. त्या काळी सायटिकाचा पेशंट उभ्या उभ्याच पाठ फिरवायचा आणि ''इथनं निघते आणि पार पोटरीत उतरते'' असे बोटाने दाखवायचा. आता तेच बोट पाकिटावर ठेवलेले असते. फोटो आला आणि बोट गेले. या अदलाबदलीत पेशंटचे आणि आम्हा डॉक्टरांचे, दोघांचेही नुकसान झाले आहे असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी पुस्तके वाचून बनवलेले नाही, एका माणसाचे नुकसान करून बनवलेले आहे. म्हणून आधी ती हकिकत.

२०११ सालची गोष्ट. वडापची जीप चालवणारा एक पस्तिशीचा गडी माझ्याकडे आला. दिवसाला दहा-बारा खेपा मारणारा, अंगाने काटक. उजव्या कुल्ल्यात सुरू होऊन मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जाणारी कळ हे त्याचे दुखणे. जीपमध्ये बसले की वाढायची, उतरून चार पावले टाकली की हलकी व्हायची. हे सगळे त्याने सांगितले. मी ऐकलेही; पण ऐकलेल्याचा विचार केला नाही. पंधरा दिवस गोळ्या दिल्या. गुण येईना म्हटल्यावर एमआरआय करायला सांगितला. रिपोर्ट आला : चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली, शिरेच्या मुळाला जेमतेम टेकलेली. झाले, चोर सापडला! मी चिठ्ठी दिली, सर्जनने फोटो पाहिला, ऑपरेशन झाले. त्यासाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या गेल्या, हे मला मागाहून कळले.

ऑपरेशननंतर तीन महिने तो घरी होता. कळ नव्हती. चौथ्या महिन्यात तो पुन्हा जीपवर बसला आणि आठ दिवसांत तीच कळ, त्याच वाटेने, परत आली. तोवर हप्ते थकले होते. वर्ष उलटायच्या आत फायनान्सवाल्यांनी जीप ओढून नेली.

२०१२ साली आमच्या गावात एका मेडिकल दुकानाच्या माडीवर एका तरुण फिजिओथेरपिस्ट मुलीने आपले केंद्र सुरू केले. मी त्याला तिच्याकडे घेऊन गेलो. खरे सांगायचे तर 'आपण सगळे करून पाहिले' असे स्वतःला सांगता यावे, एवढाच हेतू होता. तिने त्याला पालथे झोपायला सांगितले, पण आधी खिसे रिकामे करायला लावले. पॅंटच्या उजव्या मागच्या खिशातून पाकीट निघाले. लायसन, गाडीच्या कागदांच्या घड्या, उधारीच्या चिठ्ठ्या, देवाचा फोटो, चिल्लर. वीटच म्हणा ना. इतकी वर्षे हा माणूस दिवसाचे दहा तास त्या विटेवर बसत होता. मग तिने कुल्ल्याच्या मधोमध अंगठा रोवला. तो ओरडलाच, ''हितंच ताई, हितंच! हीच ती कळ!'' अंगठ्याखालून कळ पोटरीपर्यंत गेली होती. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि अगदी अदबीने विचारले, ''सर, इथे आधी कोणी दाबून पाहिलं नव्हतं का?''

मी पाहिले नव्हते. सर्जनला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्याकडे पेशंट पाठवला मी, आणि पाठवताना दुखणे न पाठवता फोटो पाठवला. नंतर कळले की माझ्याकडे येण्यापूर्वी तो आपल्या गावातल्या एका पायाळू माणसाकडे जाऊन आला होता. उसण भरली की पायाळूच्या पायाचा स्पर्श करून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही. पण त्या पायाळूने दुखत होते तिथे निदान पाय तरी लावला होता. मी हातही लावला नव्हता.

नासपतीच्या आकाराचा स्नायू

त्या मुलीने अंगठा ठेवला ती जागा नेमकी काय आहे, हे समजून घेण्यासारखे आहे. कमरेच्या खालच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकोणी हाडातल्या वरच्या तीन, अशा पाच पातळ्यांवरून निघालेले मज्जातंतूंचे धागे एकत्र येऊन एक जाड दोर तयार होतो. हीच ती सायटिकाची शीर. माणसाच्या शरीरातला हा सर्वांत जाड मज्जातंतू. ओटीपोटाच्या पोकळीतून बाहेर पडताना तो जवळजवळ अंगठ्याएवढा रुंद असतो. तिथून तो मांडीच्या मागून खाली उतरतो आणि त्याच्या फांद्या थेट तळपायापर्यंत जातात.

ओटीपोटातून कुल्ल्यात येण्याचे जे दार आहे, त्या दारातच एक स्नायू आडवा पसरलेला असतो. त्रिकोणी हाडाच्या आतल्या बाजूने निघून तो खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळता, नासपतीसारखा. म्हणून लॅटिनमध्ये त्याला पिरिफॉर्मिस म्हणतात. मांडी बाहेरच्या बाजूला वळवणे हे त्याचे मुख्य काम. बहुतेकांत सायटिकाची शीर या स्नायूच्या खालून बाहेर येते. काहींमध्ये ती दुभागते आणि तिचा एक भाग स्नायूच्या मधूनच आरपार जातो. हा स्नायू आखडला, सुजला किंवा सतत दाबाखाली राहिला की शेजारची शीर कुरकुरायला लागते. कळ शिरेतली, पण खोड स्नायूची. मणक्याचा यात काही संबंध नसतो.

पूर्वी असे वाटायचे की ज्यांची शीर स्नायूतून आरपार जाते त्यांनाच हा त्रास होत असणार. २०१८ साली एमआरआयवरून केलेल्या एका अभ्यासात मात्र तसा संबंध दिसला नाही. म्हणजे जन्मजात रचनेपेक्षा त्या स्नायूला आपण कसे वागवतो, याकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे.

ही काही नवी माहिती नव्हे. चरकसंहितेत 'गृध्रसी' या दुखण्याचे वर्णन आहे. ही कळ आधी कुल्ल्यात सुरू होते, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशी क्रमाक्रमाने जाते, असे तिथे म्हटले आहे. चरकांना पिरिफॉर्मिस ठाऊक होता, असा दावा करण्याचा मोह आवरायला हवा. पण पेशंटने कुठे बोट ठेवले, ते त्यांनी नीट पाहिले होते, एवढे निश्चित. युरोपात १७६४ साली नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्यो यांनी खुब्याच्या सांध्याचे दुखणे वेगळे आणि शिरेचे दुखणे वेगळे, असा भेद दाखवला. १९२८ साली योमन यांनी सायटिकाच्या संदर्भात पिरिफॉर्मिसकडे बोट दाखवले. १९३४ साली फ्रायबर्ग आणि विंके यांनी तोच धागा पुढे नेला.

आणि त्याच १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधली चकती सरकून शिरेवर दाबते आणि ती काढली की पेशंट बरा होतो, हे दाखवून दिले. शोध मोठा होता, खरा होता आणि त्याने असंख्य लोकांना पायावर उभे केले. पण मोठ्या झाडाच्या सावलीत जे होते तेच झाले. १९४७ साली रॉबिन्सन यांनी 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम' हे नाव देईपर्यंत सायटिका म्हणजे चकती, हे समीकरण पक्के झाले होते. आम्ही शिकलो तेही हेच.

'गॅप' नावाचे भूत

चकती फोटोत दिसते. आखडलेला स्नायू बहुधा दिसत नाही. आणि जे दिसते तेच दुखते, असे मानायची आपल्याला सवय आहे. इथे एक आकडेवारी प्रत्येक कंबरदुखीवाल्याने पाठ करावी अशी आहे. १९९४ साली अमेरिकेत ९८ लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यांच्यापैकी एकाचीही कंबर दुखत नव्हती. तरी त्यांच्यातल्या ५२ टक्के लोकांत निदान एका ठिकाणी चकती फुगलेली आढळली. सगळ्या चकत्या ठाकठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांत फुगलेली चकती ६० टक्क्यांना आणि झिजलेली चकती ८० टक्क्यांना होती.

याचा अर्थ एवढाच की पन्नाशीत केस पिकावेत तशी चकती झिजते. तुमची कंबर दुखत असताना फोटो काढला आणि त्यात झिजलेली चकती सापडली, तर ती दुखण्याचे कारण असेल किंवा नुसतीच वयाची खूण असेल. फोटो यातले काही सांगत नाही. ते पेशंटला विचारून आणि तपासूनच ठरवावे लागते.

आपल्या 'गॅप' या शब्दाची तर गंमतच आहे. हा शब्द इतका रुळला आहे की भाजी मंडईतही ऐकू येतो. ऐकणाऱ्याला वाटते, मणके एकमेकांपासून सुटले, मधे फट पडली, आता पाठीचा कणा केव्हाही निखळणार. प्रत्यक्षात बहुतेक रिपोर्टांत नेमके उलटे लिहिलेले असते. चकती झिजून मणक्यांमधली जागा कमी झालेली असते. फट पडलेली नसते, होती ती अरुंद झालेली असते. पण 'गॅप' ऐकलेला माणूस वाकायचे बंद करतो, नातवाला उचलत नाही, चोवीस तास पट्टा आवळून बसतो, पलंगाखाली फळी टाकून झोपून राहतो. बसून आणि झोपून स्नायू आणखी आखडतात, आणखी दुबळे होतात, आणि दुखणे वाढले की तो म्हणतो, ''गॅप वाढला.'' शब्दाने झालेले आजार मी आजवर बरेच पाहिले आहेत. त्यात या शब्दाचा नंबर फार वरचा लागेल.

शब्दाची लाज

मग डॉक्टर तपासत का नाहीत? वेळ नाही हे एक कारण, आणि ते खरे आहे. सायटिकाचा पेशंट नीट तपासायचा तर पंधरा मिनिटे लागतात, बाहेर चाळीस माणसे बसलेली असतात. फोटो लिहून द्यायला अर्धे मिनिट पुरते. शिवाय फोटो नाही सांगितला तर पेशंटलाच वाटते, डॉक्टरने मनावर घेतले नाही.

पण दुसरे एक कारण आहे, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. ते म्हणजे लाज. 'कुल्ला' हा शब्द आपण चारचौघांत उच्चारत नाही. म्हणून कुल्ला दुखत असला तरी माणूस सांगतो, ''कंबर दुखते.'' बायका तर हमखास. माझ्यासमोर बसून एखादी बाई पदर सावरत कमरेवर हात ठेवते, आणि बाहेर गेल्यावर माझ्या नर्सला सांगते, ''खरं म्हणजे जरा खाली दुखतं, पण डॉक्टरांना कसं सांगायचं?'' आणि मीही, तिला पालथे झोपायला सांगून त्या जागी दाबून पाहायला, कित्येक वर्षे संकोचत होतो. पेशंट सांगत नाही आणि डॉक्टर विचारत नाही, मग सगळ्या कुल्लेदुख्या कंबरदुख्या होतात आणि सगळ्या कंबरदुख्या फोटोला जातात. आता माझ्याकडे पडदा आहे, नर्स जवळ उभी असते, पेशंटला आधी सांगून, विचारून मग हात लावला जातो. एवढी सोय कुठल्याही दवाखान्याला परवडते. खर्च पडद्याच्या कापडाचा.

ओळखावे कसे, करावे काय

स्नायूमुळे होणाऱ्या सायटिकाच्या काही खुणा घरबसल्या लक्षात येण्यासारख्या आहेत. दुखण्याचा केंद्रबिंदू कमरेपेक्षा कुल्ल्यात असतो. बसल्याने वाढते, कठीण बाकावर, मोटारसायकलवर, लांबच्या प्रवासात तर फारच. उभे राहून थोडे चालले की बहुधा सैल पडते. पायावर पाय टाकून बसले की कळ येते. कुल्ल्याच्या मधोमध खोल दाबले की नेमकी तीच ओळखीची कळ उठते. उलट, खोकताना-शिंकताना कमरेतून विजेसारखी कळ पायात जात असेल, पाऊल बधिर होत असेल किंवा पावलात जोर कमी वाटत असेल, तर मणक्याकडे आधी पाहायला हवे.

मात्र एकाच खुणेवर शिक्का मारता येत नाही. या दुखण्यासाठी खात्रीची अशी एक तपासणी अजून नाही. बाकीची कारणे बाजूला सारत सारत इथे पोचावे लागते. सायटिकाच्या शंभर पेशंटांत याचे किती, याचे अंदाजही एकापासून सहापर्यंत आणि त्याच्याही अलीकडे-पलीकडे भटकतात. पिरिफॉर्मिसशेजारचे इतर छोटे स्नायू आणि पट्टेही शिरेला पकडू शकतात. म्हणून हल्ली 'कुल्ल्यातल्या खोल भागाचे दुखणे' असे अधिक व्यापक नाव वापरले जाते. त्यामुळे उद्या गल्लोगल्ली 'पिरिफॉर्मिस'च्या पाट्या लागल्या, तर मी तिथेही हेच म्हणेन की आधी तपासा.

उपायांत पहिला क्रमांक कारण दूर करण्याचा. १९७८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका डॉक्टरने मागच्या खिशातल्या जाडजूड पाकिटामुळे होणाऱ्या सायटिकाबद्दल लिहिले होते. आमच्या वडापवाल्याचे पाकीट क्रेडिट कार्डांचे नव्हते, उधारीच्या चिठ्ठ्यांचे होते. शिरेला दोन्ही सारखीच. तेव्हा मागच्या खिशात काही ठेवायचे नाही. अर्ध्या तासाने उठायचे, दोन मिनिटे चालायचे. टेकडी चढायला किंवा पळायला नव्याने सुरुवात केली असेल तर वेग आणि अंतर कमी करायचे.

दुसरा उपाय ताणण्याचा. उताणे झोपावे, दोन्ही गुडघे वाकवावेत, दुखऱ्या बाजूचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा आणि त्या दुसऱ्या मांडीला दोन्ही हातांनी धरून हळूहळू छातीकडे ओढावे. कुल्ल्यात ओढ जाणवली की तिथेच अर्धा मिनिट थांबावे. असे तीनदा, दिवसातून दोन-तीन वेळा. ओढ जाणवायला हवी, कळ नाही. पायात मुंग्या आल्या तर सोडून द्यावे. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी हे विचारल्याशिवाय करू नये.

तिसरा उपाय बळकटीचा, आणि तो लोक हटकून विसरतात. कुल्ल्याचे मोठे स्नायू दुबळे असले की त्यांचा भार या छोट्या स्नायूवर पडतो. सेतुबंधासन, म्हणजे उताणे झोपून पाय टेकवून कंबर वर उचलणे, आणि कुशीवर झोपून टाचा जुळवून वरचा गुडघा उघडणे, हे दोन साधे व्यायाम पुष्कळ काम करतात. नीट शिकून घ्यावेत, निदान सहा आठवडे नेटाने करावेत. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडणारे पुन्हा पाकीट घेऊन येतात.

शेक घ्यायला हरकत नाही. तेल लावून हलक्या हाताने चोळायलाही नाही. मात्र लाथा, बुक्क्या आणि कडाकडा मोडणे टाळावे. वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. जठर आणि मूत्रपिंड यांना त्या मानवतातच असे नाही. आठवडेच्या आठवडे झोपून राहणे हा उपाय नव्हे. एवढ्याने भागले नाही तर सोनोग्राफीत पाहून त्या स्नायूत बधिरतेच्या औषधाचे किंवा स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, काही ठिकाणी बोटुलिनम टॉक्सिनचेही. स्नायू कापण्याची वेळ क्वचितच येते.

पण हेही लक्षात ठेवा

हे वाचून उद्या कोणी पाकीट फेकून देईल आणि ऑपरेशनची तारीख रद्द करेल, तर मी दुसरी चूक केली असे होईल. एमआरआय हे उत्तम साधन आहे आणि ऑपरेशन काहींना लागतेच. लघवी अडकली किंवा आपसूक होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, घोड्याचे खोगीर टेकते तेवढा भाग बधिर झाला, पाऊल उचलेना, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचे. तिथे ताण आणि शेक यांत एक तासही घालवायचा नाही. कंबरदुखीसोबत ताप असेल, वजन कारण नसताना उतरत असेल, पूर्वी कर्करोग होऊन गेला असेल किंवा जोरात पडला असाल, तर फोटो लवकर काढायलाच हवा.

आणि खरोखरीच चकती शिरेवर दाबत असली तरी बहुतेक वेळा घाई नसते. २००७ साली नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या पेशंटांचे दोन गट केले गेले. एकाचे लवकर ऑपरेशन झाले, दुसऱ्याला थांबवून पाहिले. लवकर ऑपरेशन झालेल्यांचे दुखणे लवकर थांबले, हा फायदा खरा. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन लागलेही. पण वर्षअखेर दोन्ही गटांत बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण सारखेच, ९५ टक्क्यांच्या घरात होते. ज्याला वेदना सोसवत नाही किंवा ज्याचे पोट रोजच्या कामावर आहे त्याने विचारपूर्वक ऑपरेशन निवडले, तर त्यात काही चूक नाही. चूक आहे ती विचार न करता, हात न लावता, फोटोला चिठ्ठी जोडण्यात.

म्हणून माझे मागणे साधे आहे. कंबरेच्या फोटोची चिठ्ठी लिहिताना डॉक्टरने आपण काय तपासले, हे त्याच कागदावर दोन ओळींत लिहावे. पाय उचलून पाहिला का, पावलातला जोर पाहिला का, कुल्ल्यात दाबून पाहिले का. ऑपरेशन करणाऱ्यानेही त्या दोन ओळी मागाव्यात. ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टला पूर्ण वेळ आणि एक नीट खोली मिळावी. 'मालीशवाले' म्हणून त्यांची टवाळी करणाऱ्या आम्हा डॉक्टरांनी त्यांच्याकडून शिकावे. आणि पेशंटने लाज बाजूला ठेवून नेमक्या जागेवर बोट ठेवावे. रिपोर्ट वाचता आला नाही तरी चालेल. आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

आमचा वडापवाला तीन-चार महिन्यांच्या व्यायामाने सावरला. जीप काही परत आली नाही. तो आता पगारावर शाळेच्या मुलांची गाडी चालवतो. पाकीट समोरच्या खणात ठेवतो. मी त्याची माफी मागितली होती. तो म्हणाला, ''जाऊ द्या डॉक्टर, तुम्ही काय मुद्दाम केलं का?'' मुद्दाम केले नव्हते हे खरेच. पण पाटल्या त्याच्या बायकोच्या मोडल्या, माझ्या नाही.

गेल्या पावसाळ्यात तो आपल्या आईला घेऊन आला. म्हातारीच्या हातात पाकीट होते, कोणीतरी आधीच फोटो काढायला लावलेला. ती ते टेबलावर ठेवणार, तोच त्याने तिच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाला, ''हे मागनं दाखव. आधी डॉक्टरांना बोटानं दाखव कुठं दुखतंय.'' मी नर्सला हाक मारली आणि पडदा ओढला.